चंदेरी गाडीचं बॉनेट

यादवराव गजभिये मूळचे नागपूरचे, धंद्याने डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, एवढंच त्यांना येत होतं. पण असं येत होतं, की बहरीनमधल्या मुहर्रकच्या गॅरेजात एकतीस वर्षं त्यांच्या हातोडीला तोड नव्हती. खड्ड्यात लांबीची पुट्टी भरून वरून रंग फासणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा.

साठी आली, व्हिसा संपत आला आणि धाकट्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या नर्सिंगची दोन वर्षं तर अजून बाकी. मालक ताहिर म्हणाला, "ये गाडी बना दो यादव, दो साल का व्हिसा पक्का. इंशाल्ला."

गाडी म्हणजे साठ वर्षांपूर्वीची चंदेरी ॲस्टन मार्टिन. इंग्रजी सिनेमातला सुटाबुटातला हेर घाटातून पळवतो, तसली. ते सिनेमे ताहिरने लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेले. हौसेला मोल नाही. खाऱ्या हवेनं मात्र बॉनेटचा ॲल्युमिनियम पत्रा पार खाल्ला होता. दुसऱ्या कुणी ठिगळ लावलं असतं. यादवरावांनी वाळूच्या पिशवीवर अख्खं नवं बॉनेट ठोकून काढलं. चार महिने लागले. हात फिरवला तर कुठे अडकत नव्हता. जुनं बॉनेट त्यांनी स्वतः उचलून भंगाराच्या टेम्पोत टाकलं. त्याच्या आतल्या बाजूला कसलासा आकडा ठोकलेला होता, पण सडक्या पत्र्यावरचा आकडा कोण वाचत बसतो!

तिथंच घात झाला. गाडी अस्सल आहे असा दाखला द्यायला इंग्लंडहून तपासनीस आला. त्यानं बॉनेट उचललं, आकडा शोधला आणि मान हलवली. गाडीची किंमत म्हणे कारखान्यातल्या त्या पहिल्या पत्र्यात होती. तो पत्रा तर केव्हाच भंगारात चेपून गेला होता.

"साब, वो सड गया था. ये उससे अच्छा है," यादवराव काकुळतीनं म्हणाले.

"मालूम है," ताहिर म्हणाला. "लेकिन वो असली था." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "व्हिसा खलास, यादव. माफ करना."

आता बोला! कुजका तो अस्सल, आणि ज्यात माणसानं जीव ओतला ते नकली. असला न्याय कुणाच्या बापाला कळायचा?

वर तपासनीसाचा नियम असा, की नव्या पत्र्यावर आतून 'नक्कल' असं ठोकलंच पाहिजे. दुसऱ्या कुणी पंच मारला तर पत्रा चेपेल, म्हणून यादवरावांनीच बॉनेट गोधडीवर उलटं घातलं आणि चार इंग्रजी अक्षरं एका ओळीत ठोकली. हात जराही हलला नाही. मग मात्र ते तिथंच फरशीवर बसले.

संध्याकाळी घरी फोन लावला.

"मी येतो आहे," एवढंच ते म्हणाले.

"खरंच जी?" त्यांच्या पत्नी इंदुबाई हरखून गेल्या. "अगं ज्योत्स्ना, बाबा येऊन राहिले! किती दिवसांची सुट्टी भेटली?"