बंगलोरचा नऊ वाजताचा फुगा

बंगलोरला जाण्यासाठी मी तीनदा रजेचा अर्ज लिहिला आणि दोनदा परत घेतला. तिसऱ्या वेळी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या रशियनांचं एकदाचं काय ते ठरवा हो." मलाही तेच म्हणायचं होतं, पण म्हणणार कोणाला? हवामान बघणारा उपग्रह कधी सुटणार, हे रशिया आधी पक्कं सांगत नाही. सुटल्यावर सांगतो.

माझी धाकटी बहीण शांता बंगलोरच्या एका हवामान कचेरीत गणिताचं काम करते. हा उपग्रह बंगलोरच्या माथ्यावरून जाईल त्याच वेळी इथून एक फुगा सोडायचा, त्याला टांगलेल्या यंत्राने वरच्या हवेची उष्णता आणि ओल मोजायची आणि ते आकडे मॉस्कोला कळवायचे. वरून दिसलेलं आणि इथं मोजलेलं जुळतं की नाही, ते त्यावरून ठरतं. फुगा दहा मिनिटं चुकला तर चालतं, तासांनी चुकला तर काही उपयोग नाही. त्याचं वेळापत्रक शांता करते. मॉस्कोने अंदाजाची तारीख पुढे ढकलली की सगळे आकडे पहिल्यापासून, हाताने. सहा वर्षं ती हंगामी आहे. "हे काम नीट पार पडू द्या, तुमचं कायमचं बघतो," असं तिच्या साहेबांनी सांगितलं होतं. त्या दिवशी घरचं कोणीतरी जवळ असावं म्हणून मी निघाले.

जाणार असाल तर बेळगावहून दुपारची गाडी धरा, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगलोर. तिसऱ्या वर्गात बायकांच्या डब्यात जागा मिळते, मात्र इंजिनाकडे पाठ करून बसा, नाहीतर डोळ्यात कोळसा जातो. मी दशम्या आणि शेंगाचटणी नेली होती. पहाटे अर्सीकेरेला कॉफी मिळाली. एवढी चांगली कॉफी मी त्याआधी प्यायले नव्हते, आणि त्या प्रवासात माझं मन शांत होतं असं तेवढंच एक ठिकाण.

स्टेशनापासून चामराजपेट जवळ आहे. जटकेवाला रुपया मागतो, पण बारा आण्यांत येतो. शांता तिथं सावित्रक्कांकडे एका खोलीत राहते. सावित्रक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर इकडं आलं. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. दारातच म्हणाल्या, "या की, अक्का. स्वल्प कॉफी घ्या. तुमची बहीण आठ दिवस झोपली नाही, तिलाही एक द्या आणि दोन शब्द ऐकवा."

शांताच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जमिनीवर चटईएवढा तक्ता पसरला होता, आकडेच आकडे. मी म्हटलं, "हे सगळं तू केलंस?" ती म्हणाली, "हा पाचवा तक्ता. आधीचे चार बंबात गेले."

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर बातमी आली: उपग्रह सुटला. सावित्रक्कांनी गूळ वाटला. बुधवारी मी त्यांच्याबरोबर चिकपेटेत गेले. त्यांच्या यजमानांचं तिथं कापडाचं दुकान आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली की दुकानात चढावं लागतं, आणि चढलं की साडी घ्यावी लागते. साड्या बेळगावपेक्षा स्वस्त आहेत, पण पहिल्या दुकानात घेऊ नका. मी शांतासाठी एक मोतिया रंगाची घेतली, कायमचं पत्र मिळेल त्या दिवशी नेसायला.

घरी आले तर शांता तोंड एवढंसं करून बसलेली. कचेरीत मॉस्कोची तार आली होती: माथ्यावरून गुरुवारी, साडेसहा. कुठले साडेसहा, ते लिहिलेलं नव्हतं. ग्रीनिचचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे बारा. मॉस्कोचे साडेसहा म्हणजे आपले सकाळचे नऊ.

"मी साहेबांना सांगितलं, ही मॉस्कोची वेळ आहे," शांता म्हणाली. "बारा वाजता तो इथं असूच शकत नाही. सुटल्यापासूनच्या फेऱ्या मोजत आणल्या की कळतं."

"मग?"

"म्हणाले, शांताबाई, सगळं जग ग्रीनिचच्या घड्याळावर चालतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं वेगळं असेल तर माहीत नाही. सगळे हसले."

 मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवते. हे हसणं मला पाठ आहे.

गुरुवारी आम्ही दोघी सकाळच्या बसने निघालो. कचेरी गावाबाहेर एका माळावर, जुन्या बंगल्यात आहे. घरच्यांनी बघायला यायला हरकत नव्हती. साहेब अकरापर्यंत येत नाहीत. फुगे भरणारे नंजप्पा, केस पिकलेले, तेवढे हजर होते. शांताने त्यांना सांगितलं, "एक आत्ता भरू या. नऊला सोडायचा."

"साहेबांनी बाराचा सांगितलाय."

"बाराचाही भरू. साहेबांसाठी."

नंजप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरी, अक्का," ठीक आहे अशा अर्थाने म्हणाले आणि गॅसच्या टाकीकडे गेले.

फुगा भरताना बघण्यासारखा असतो. आधी मरगळलेलं रबर, मग हळूहळू माणसापेक्षा मोठं काहीतरी उभं राहतं आणि ओढ घेतं. वारा होता, म्हणून मला हात लावायला सांगितलं. हाताखाली ते जिवंत जनावरासारखं थरथरत होतं. शांता मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. "सोड, ताई," म्हणाली. मी सोडला. बरोबर नऊ. मग दीड तास ती यंत्राकडून रेडिओवर येणाऱ्या खुणा ऐकत आकडे उतरवत बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी. एकदाही तिने वर पाहिलं नाही.

बाराला साहेबांनी स्वतःच्या हाताने दुसरा फुगा सोडला, टाळ्याही झाल्या. मग त्यांनी गॅसच्या टाकीचा काटा पाहिला आणि नंजप्पांना विचारलं. दहा मिनिटांत टाइप केलेला कागद शांताच्या टेबलावर आला: सकाळी नऊ वाजता परवानगीवाचून फुगा का सोडलात, सरकारी सामान वाया का घालवलं, सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. मी व्हरांड्यात बसले होते. साहेब जाता जाता मला म्हणाले, "बहिणीला समजवा. हुशार आहे, पण फार हुशार आहे."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा राग अजून गेलेला नाही.

शुक्रवारी मॉस्कोची दुसरी तार आली: वेळ मॉस्कोची होती. शांता घरी आली ती हसत नव्हती. साहेबांनी तार आल्याबरोबर नऊच्या फुग्याचे आकडे वरच्या कचेरीत पाठवले होते. सोबत पत्र: उपग्रह माथ्यावर असताना अचूक वेळी फुगा 'मी सोडला'. खाली त्यांची सही. जावक कारकुनाने शांताला प्रत दाखवली होती.

शनिवारी साहेबांनी तिला बोलावलं. आवाज एकदम मऊ. "तो खुलाशाचा कागद परत आणून द्या. तुम्ही विसरा, मी विसरतो. कायमची शिफारस पुढच्या आठवड्यात वर जाते."

त्या संध्याकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. सावित्रक्का तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "एका कागदात फुगा हिचा, दुसऱ्यात त्याचा. आमच्या चिकपेटेत एकच साडी दोघींना विकली तर दुकान बंद करतात."

"म्हणूनच तो कागद परत हवाय त्यांना," शांता म्हणाली. "मी खुलाशात खरं लिहिलं की त्यांचं पत्र खोटं पडतं."

आणि मी, मोठी बहीण, म्हणाले, "देऊन टाक ग. एक कागद तर आहे. सहा वर्षं थांबलीस ती कशासाठी? एकदा कायम हो, मग भांड."

शांताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं होतं. "ताई, तू तिथं होतीस," म्हणाली. "फुगा तुझ्या हातातून गेला."

रविवारी मी एकटी लालबागेत फिरले. बाग सुंदर आहे, सकाळी लवकर जा, गर्दी नसते. मला मात्र झाडांची नावं वाचूनही एकही आठवत नाही.

सोमवारी शांताने खुलासा दिला. दोन ओळी: "नऊ वाजता फुगा मी सोडला. कारण उपग्रह नऊ वाजता येणार होता." क्षमा मागितली नाही. आवक-जावकच्या त्याच कारकुनाकडून प्रतीवर पोच घेतली. साहेब दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला गाडीत बसवायला ती आली ती मोतिया साडी नेसून. मी विचारलं, "आज?" म्हणाली, "आजच."

परत येऊन तीन आठवडे झाले. काल तिचं पत्र आलं. शिफारस गेली नाही. हंगामी मुदत आणखी सहा महिने वाढवली. साहेबांचं पत्र वरून परत आलं, 'फुगा नेमका कोणी सोडला, कळवावे' असा शेरा मारून. त्याला अजून उत्तर गेलेलं नाही. उत्तर गेलं का, असं नंजप्पा रोज विचारतात म्हणे.

बंगलोर कसं होतं, असं सगळे विचारतात. हवा छान, माणसं गोड, कॉफीसाठी तरी जा, असं मी सांगते आणि ते खोटं नाही. पण माझ्याबरोबर घरी आला तो राग. त्यातला थोडा साहेबांवरचा, थोडा त्या हसणाऱ्यांवरचा. उरलेला सगळा त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात 'देऊन टाक' म्हणणाऱ्या बाईवरचा. ती बाई शहाणी होती, प्रेमळही होती, आणि साहेबांना हवं होतं तेच बोलत होती.

शांता नोकरीला लागल्यापासून माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य असतं: सांभाळून घे. आज उत्तर लिहायला बसले तेव्हा ते लिहिलं नाही. त्याच्या जागी दुसरं काय लिहायचं, ते सुचलं नाही. पत्र फारच लहान झालं. तसंच पेटीत टाकलं.