पेनफोल्ड साहेबांची छत्री

रागाचे किस्से वेळेवर सांगून टाकले नाहीत तर ते जेवताना घशात येतात. माझ्याकडचे सगळे एकाच पुस्तकाचे आहेत.

२०१६ साली सिंगापुरात, तांजोंग पगारच्या एका छोट्या ऑफिसात मी कंपन्यांचे गौरवग्रंथ लिहायचे. बॉस पुण्याचे कुलकर्णी सर. क्लायंट एक जुनी व्यापारी कंपनी. तिचे संस्थापक पेनफोल्ड साहेब इंग्रजांच्या काळात या बंदरात कारकून म्हणून उतरले आणि गोदामं, गलबतं, बंगला करून बसले.

पहिला मसुदा परत आला, तर ‘अफू’च्या जागी सगळीकडे ‘विविध माल’.

“सर, ते कलकत्त्याहून अफूच आणायचे.”

“मग? विविध मालात अफू बसत नाही का?”

*

बंगल्याच्या फोटोखाली कंपनीला हवं होतं, ‘साहेबांनी उभारलेली वास्तू’. उभारली होती मुंबई इलाख्यातून इथे काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी. मी तसं म्हटलं.

“तुमच्या घराच्या विटा काय तू रचल्यास?”

“मी यिशुनला भाड्याच्या खोलीत राहते, सर.”

“मग तर बोलूच नकोस.”

*

मग ते चित्र सापडलं. बंगल्यापुढे साहेब, मागे छत्री धरलेला एक हडकुळा माणूस. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने इंग्रजीत: भिवा, कैदी, सातारा.

मी साताऱ्याची. लायब्ररीत अशी दचकले की शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली. ठरवलं, बाकी काय हवं ते छापा, भिवाचं नाव पुस्तकात जाणारच.

चित्राखाली घातलं. कंपनीने काढलं. परत घातलं, परत काढलं. तिसऱ्यांदा सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

“तुझा वर्क पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय ना?”

मी नाव काढलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडले म्हणून आणखी चिडले.

*

पुढच्याच आठवड्यात निरोप आला: नाव नाही तर माणूस तरी कशाला? साहेब एकटेच जास्त भारदस्त दिसतील.

आमची डिझायनर हुई मिन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सरांना म्हणाली, “सो लाँग ही स्टँड देअर, नाऊ यू चेस हिम आउट? सो बॅड, लाह.”

“मेलमध्ये लिहिलंय तेवढंच कर,” सर म्हणाले. मेलमध्ये लिहिलं होतं: मागचा माणूस काढा.

*

शेवटचं प्रूफ सहीला माझ्याकडे आलं. पान उलटलं आणि दचकले. भिवा गेला होता. छत्री होती. साहेबांच्या डोक्यावर, हवेत, कोणीही न धरलेली.

मी हुई मिनकडे बघितलं. ती शांतपणे स्क्रीनकडे बघत होती.

“नीट तपासलंस ना?” सरांनी दारातून विचारलं. “प्रेसचा माणूस थांबलाय.”

“हो, सर.”

मी सही केली.