आवाजावर चालणारी गाडी

गाडीशी भांडणारा माणूस पाहिला नसेल तर पांढुर्ण्याला या आणि मला पाहा. माझी बायको म्हणते, दिवसभरात तिच्याशी बोलत नाही इतकं मी त्या गाडीशी बोलतो. खोटं नाही. फक्त त्यातल्या निम्म्या शिव्या असतात.

यंदा संत्र्याला बरा भाव लागला आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. नागपूरला जाऊन मोठी गाडी घेऊन आलो. शोरूमवाल्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. गाडीत बटणं नाहीत. काचा, एसी, दारांचे लॉक, डिक्की, सगळं तोंडानं सांगायचं. "सर, आप सिर्फ हुक्म कीजिए," म्हणे. घरी माझा हुकूम मांजरसुद्धा ऐकत नाही. म्हटलं, चला, एक गाडी तरी ऐकेल.

गाडी दारात आली तशी पूजा झाली. चाकाखाली लिंबू झालं, बोनेटवर स्वस्तिक झालं. मग बायको आत बसली. समोर वरच्या बाजूला, आरशाजवळ, तिला एक बारीक जाळी दिसली. तिला वाटलं हे गाडीचं कपाळ. तिनं बोट भरून तिथं कुंकू लावलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. ते कपाळ नव्हतं, तो गाडीचा कान होता. दुसऱ्या दिवशीपासून गाडी ठार बहिरी.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, माइक में कुंकू है." काढलं बिचाऱ्यानं सगळं कुंकू. नवा माइक बसवला. तरी गाडी तशीच. पुन्हा नेली तर म्हणे सॉफ्टवेअर आहे, अपडेट येईल, धीर धरा. बायको म्हणाली, "कुकवानं कधी कोनाचं वाईट झालं काय? मशीनच भिकार आहे." नवराबायकोचं एवढ्या एका गोष्टीत पटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण त्या दिवशी गाडीत बाबा होते.

बाबांना मागच्या वर्षी लकवा मारला. उजवा हातपाय गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून नुसता "अं" निघतो. त्याआधी सारी उमर त्यांनी संत्र्याचा व्यापार केला. रामाकोन्याचे एक काका त्यांच्या बरोबरीचे व्यापारी. दोघांनी एकमेकांना माल विकला, एकमेकांना टोप्या घातल्या, आणि तरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. बाबा आजारी पडल्यावर काका बसनं यायचे, खाटेजवळ बसायचे आणि दोघांच्या वाटचं एकटेच बोलायचे.

त्या दिवशी सकाळी काकांच्या मुलाचा फोन आला. वडिलांना कायमचं बंगलोरला नेऊन राहिलो, घर बंद करून दुपारी निघतो, म्हणाला. फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं आणि काठी जमिनीवर आपटायला लागले. मग काठीनंच फाटक दाखवलं.

"मामाजींना भेटायचं आहे," बायको म्हणाली. बाबांना ती मामाजी म्हणते. "आत्ता नाही गेले तर पुन्हा कशाची भेट? ते काका हृदयाचे पेशंट, हे असे."

तिचं खरं होतं. जुनी जीप मी विकून बसलो होतो, शहाणा. बाबांना उचलून मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसवलं, बायको त्यांच्या शेजारी, आणि निघालो.

सावरगावचा पूल ओलांडला नाही तोच एसी आपल्या मनानं फुल झाला. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत बर्फाचा कारखाना. समोरचा पडदा काळा ठिक्कर, बोट लावून काही होईना.

"एसी बंद करो," मी म्हणालो.

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई," गाडी म्हणाली. इतक्या गोड आवाजात की कानाखाली वाजवावीशी वाटली.

"एसी कम करो!"

"माफ़ कीजिए."

"अहो, ओरडता काहून? प्रेमानं सांगा," मागून बायको.

"तू सांग प्रेमानं! तू तर तिले कुंकूसुदिक लावलं."

बायकोनं प्रेमानं सांगितलं. गाडीनं तिचीही माफी मागितली आणि वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर वायपर खर्रर्र खर्रर्र करून राहिले, मी घामानं नाही तर रागानं ओला झालो, आणि आरशात पाहिलं तर बाबा थरथर कापत होते. बायकोनं त्यांना आपल्या पदरात गुंडाळलं होतं. माणसाला बोलता येत नाही, थंडी वाजते हे सांगता येत नाही, आणि मी लाखो रुपयांच्या गाडीत बसून एका बाईच्या आवाजाच्या हातापाया पडून राहिलो होतो. थू त्या गाडीवर.

शेवटी मोहगावच्या फाट्याजवळ गाडी थांबवली. बंद करून पुन्हा चालू केली, की तिचं डोकं ठिकाणावर येईल. पडदा उजळला. त्यावर एक गोल फिरायला लागला. अपडेट! एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते अपडेट तिला भर रस्त्यात, त्याच वेळी आलं. गाडी जागची हलेना. सौसरची बस आमच्या शेजारून भरधाव निघून गेली. हात करेपर्यंत गेली. मी उतरून चाकाला लाथ मारली. चाकाला काय होणार? माझाच अंगठा सुजला. बाबा एकदा घड्याळाकडे बघत, एकदा माझ्याकडे. त्यांचं ते बघणं मला सहन होईना, म्हणून मी उगाच बोनेट उघडायला गेलो, तर तेही उघडेना.

गोल फिरायचा थांबला तेव्हा एसी बंद झाला होता. मी जीव मुठीत धरून गाडी हाणली. सौसर मागे टाकलं, रामाकोन्यात शिरलो. काकांच्या दाराला कुलूप लागलं होतं, सामान टॅक्सीत चढलं होतं, आणि काका एक पाय आत टाकून आमच्याच रस्त्याकडे पाहून राहिले होते.

मी उडी मारून उतरलो. माझं दार उघडलं. मागची दोन्ही उघडेनात. खेचली, दणके दिले. "दरवाज़ा खोलो!" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. शेजारपाजारचे गोळा झाले. बायको कशीबशी पुढच्या सीटवरून चढून बाहेर आली, पण बाबांना कसं काढायचं? ओरडता ओरडता बाबांच्या बाजूची काच चार बोटं खाली आली आणि तिथंच अडकली.

"बाबा, चला, उशीर होते," काकांचा मुलगा म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, विमान कोणासाठी थांबत नाही.

"थांब रे," काका म्हणाले आणि काठी टेकत आमच्या गाडीजवळ आले. खिडकीशी वाकून त्यांनी बाबांना पाहिलं. बाबांनी डावा हात त्या फटीतून मनगटापर्यंत बाहेर काढला. काकांनी तो धरला आणि खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला.

जुन्या व्यापाऱ्यांचा भाव असाच व्हायचा. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, जितकी बोटं धरली तितका भाव, आणि भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. पटलं नाही तर हात झटकायचा. मी सगळे सौदे फोनवर करतो, मला ते येत नाही.

"उजव्यानं करायचं असते, पन डावा तर डावा," काका म्हणाले. "सांग लेका, किती महिन्यानं वापस येऊ?"

दुपट्टा हलला. बाबांनी हात झटकला. पुन्हा हलला, पुन्हा झटकला. काका मोठ्यानं म्हणाले, "अरे, एवढ्या लवकर पोरगा पाठवते काय मले? थोडं तं वाढव!" बाबा "अं, अं" करून मान हलवत होते. काकांचा मुलगा घड्याळ पाहत होता. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी दुपट्टा थांबला.

"दोन महिने," काका माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तुह्या बापानं जन्मात मले कधी फायदा होऊ देल्ला नाही. आजही नाही." त्यांनी हात सोडवला आणि टॅक्सीत जाऊन बसले.

टॅक्सी गेल्यावर मी गाडी वळवली. बायको मघासारखीच पुढच्या सीटवरून चढून मागे बाबांजवळ गेली. डोळे पुसून ती म्हणाली, "मामाजी, दोन महिन्यांनी येतातच मग काका. सौदा झाला ना पक्का?"

आरशात मी पाहिलं. बाबांनी मान हलवली. नाही. येत नाहीत.

"मंग एवढी घासाघीस काहून केली, बाबा?" मी विचारलं.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, काकांनी धरलेला तो डावा हात अजून फटीतून बाहेरच होता. गाडीनं पुन्हा कशाची तरी माफी मागितली, काच वर सरकून त्यांच्या मनगटाला टेकली आणि परत खाली आली. सौसर येईस्तोवर बाबांनी तो हात आत घेतला नाही.