गूळ घालण्याआधीचा श्वास

चि. ईशान आणि चि. तन्वी,

"बाई, तुमची आठवण चांगली आहे. घसरलंय ते एक्झिक्युटिव्ह फंक्शन," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे कामाची आखणी करणं, पायऱ्या क्रमाने घेणं, चुकतंय असं दिसताच हात आवरणं. सोबत कोणी नव्हतं, म्हणून ते वाक्य मीच वहीत उतरवून घेतलं.

सुरुवात गेल्या वर्षीच्या बेंदराला झाली. तेव्हा आपल्या कडेगावात बैलांना पुरणपोळी खाऊ घालतात. इतकी वर्षं पुरण शिजवणारी मी, त्या दिवशी डाळ मऊ होण्याआधीच गूळ घालून बसले. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. शेजारची हौसा बैल घेऊन दारात आली.

"आवं बाई, डाळ हाय का खडं? बैलाचं दात पडत्याल की!"

दोघी हसलो. पण त्याच आठवड्यात मी गॅस चालू ठेवून बाजारात गेले. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, घर बंद करून इकडे ये." मी पुढच्या बेंदरापर्यंत मुदत मागून घेतली.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. बाहेरच्या बाकांवर प्रत्येकाची फाईल सोबत आलेल्या कुणाच्या तरी हातात होती, माझी माझ्याच. "सोबत कोण आहे?" नर्सने तीनदा विचारलं. मग एक कागद आला: एकपासून अ, अपासून दोन, दोनपासून ब, अशी रेघ ओढत जायची. जन्मभर वर्गात मुलांना रांगेत उभं करणारी मी चारवर अडकले.

मी योगाचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "योगाने मेंदू नवा होईल असं मी सांगणार नाही. गोळी, चालणं आणि रोजचा सराव. मग बघू."

सकाळी भिंतीला हात टेकून वृक्षासन. नंतर डोळे मिटून श्वास मोजायचे, एक ते दहा. मन भरकटलं की पुन्हा एकपासून. मी तिनावर तुमच्याकडे पोचायचे: तिथे आता किती वाजले असतील, जेवलात का? पहिले दोन महिने दहा काही आला नाही. आला त्या दिवशी सांगायला घरात कोणी नव्हतं.

सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा दिला. सावकाश, पण शेवटपर्यंत गेले. "बरं झालं म्हणत नाही, पण सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले.

परवा बेंदूर झाला. डाळ रटरटत होती. मी गुळाची वाटी उचलली आणि हात थांबला. एक श्वास घेतला. दाणा चिमटीत दाबून पाहिला, तो आत टणक होता. वाटी खाली ठेवली.

दुपारी हौसा ओरडली, "बाई, बैल ताट चाटून बसलाय, उठंना!"

रात्री बाबांचा फोन आला. "पुरण जमलं?"

"जमलं."

"बरं. राहा तिथंच. पण गॅस बघत जा."

बाळांनो, पुढे कधी तुमच्या हातून कामाचा क्रम चुकायला लागला तर लपवू नका, तपासून घ्या. मी अजूनही एकटीच मोजते, एक ते दहा. वाटी खाली ठेवणारा माझा हात कुणी पाहिला नाही. तुम्हाला तरी कळावं, म्हणून लिहिलं.

तुमची आजी