बाटलीबाहेरचे दोन पेले

काकूंच्या घरून कोणी कोरड्या घशाने परत आलंय, असं त्या इमारतीत कधी घडलं नाही. तुम्ही कुलूप दुरुस्त करायला गेला असाल, मीटर बघायला गेला असाल किंवा नुसते भांडायला, आधी हातात पेला येणार. उन्हाळ्यात लिंबाचं सरबत, थंडीत आल्याचं गरम पाणी, आणि जवाचं पाणी तर बारा महिने. शेजारची मुलं त्यांना ‘पाणपोई’ म्हणत. काकूंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा नाद त्यांना कारखान्यात लागला. सव्वीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कॉलरना इस्त्री केली. वाफेने भरलेल्या त्या लांबट खोलीत दर आठवड्याला एखादी बाई चक्कर येऊन पडायची. काकूंनी एकदा घरून कॅनभर जवाचं पाणी नेलं, मग रोज नेऊ लागल्या, आणि त्यांच्या रांगेतली एकही बाई पुन्हा पडली नाही. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं: साधं पाणी तहानेपुरतं, हे अंगी लागायला. जव भिजत घालायचा कंटाळा करतात म्हणून निम्मं जग आजारी आहे, असंही त्या म्हणत. त्यावर वाद घालणाऱ्याला दुसरा पेला मिळे.

काका पाणीपुरवठा खात्यात होते. शहराचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर त्यांचं हृदय कमकुवत झालं, आणि दैवाची थट्टा अशी की डॉक्टरांनी त्यांनाच मोजून पाणी प्यायला सांगितलं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, दूध आलं, सगळं आलं. अंगात पाणी साठून एकदा ते दवाखान्यात जाऊन कसेबसे परत आले होते. “पुन्हा तसं झालं तर माझ्या हातात फारसं काही नसेल,” डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं.

काकूंनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. सकाळी एक लिटरची बाटली काठोकाठ भरायची. काकांना चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून ओतून द्यायचं. संध्याकाळी बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं, मग काका कितीही ओठ चाटोत.

आणि हे सगळं सांभाळून सकाळी जवाचं पाणी व्हायचंच. जव तीन पाण्यांनी धुवायचे, फुटेपर्यंत मंद आचेवर शिजवायचे, फेस काढायचा, फडक्यातून गाळायचं, निवल्यावर लिंबू. एक पेला काकांना. संध्याकाळी काळ्या मनुका कुस्करून गाळलेलं पाणी, त्याचाही एक पेला. काका दोन्ही वेळा पेला रिकामा करून परत देत. “बघा, चेहऱ्यावर तकाकी आली,” काकू म्हणत. “गोळ्यांनी नाही हो, ह्याने आलीय.”

हे सुरू झाल्यापासून दहा दिवसांत काकांचे पाय सुजले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. जिना चढताना ते दोनदा थांबू लागले.

बाटलीचा हिशेब तर चोख होता. म्हणजे काका चोरून पाणी पितात, हे काकूंनी ठरवून टाकलं. काका तोंड धुवायला गेले की त्या बेसिनपाशी उभ्या राहू लागल्या. त्यांनी माठाजवळची भांडी उचलून कपाटात ठेवली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी सून घरी आली की तिच्यासमोरच सुरुवात व्हायची.

“विचार तुझ्या सासऱ्यांना, आज किती ढोसलं ते! सगळा जन्म नळांत घातला, सवय कशी जाईल?”

“बाबा, खरंच पिताय का?” सून विचारायची.

काका वर्तमानपत्र थोडं वर धरायचे. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं काकूंनी धरलं.

अकराव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर काकांचं वजन करायला आल्या. काट्यावर अडीच किलो वाढलेले दिसले. काकूंनी काकांच्या चोऱ्यांचा पाढा वाचला. सिस्टर ऐकत होत्या, पण त्यांची नजर काकांच्या हातातल्या पेल्यावर होती.

“काकू, हे काय आहे?”

“जवाचं पाणी. रोज देते.”

“बाटलीतून तेवढं कमी करता ना?”

“ते कशाला? ते काय पाणी आहे का? ते औषध आहे!”

सिस्टरांनी पेला घेतला, तो काठापर्यंत भरायला सांगितला आणि मापाच्या भांड्यात ओतून बघितला. अडीचशे मिलिलिटर. “असे किती?”

“दोन,” काकू म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांना आणखी काही सांगायची गरज उरली नाही. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, गोळी वाढवून घेतली, तीन दिवसांनी येते म्हणाल्या आणि गेल्या.

काकू दार लावून आल्या. मग एकदम उसळल्या. “तुम्ही पाण्यात जन्म काढला. तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं होतं.”

“कधी?”

“पहिल्या दिवशीच.”

“मग बोलला का नाही? मी तुम्हाला चोर चोर म्हणत होते, सुनेसमोर!”

काकांनी पाय जरा सरळ केले. “अगं, तहानही लागायची, खोटं का बोलू. पण तू सगळ्यांना सांगत होतीस, ह्यांना माझ्या हातचं लागू पडलंय. कसं सांगणार होतो, ह्यानेच सूज येतेय म्हणून?”

“जीव गेला असता तुमचा!”

“वाटलं, उद्या सांगू. रोजच वाटायचं.”

काकू रडल्या. नवऱ्याचा राग येऊन रडल्या, भीतीने रडल्या आणि स्वतःची लाज वाटूनही रडल्या. काकांनी त्यांना रडू दिलं.

संध्याकाळी सून आली. पर्स खुंटीला अडकवता अडकवता तिने सवयीने विचारलं, “काय आई, बाबांनी आज किती चोरलं?”

काका घाईघाईने म्हणाले, “प्यायलो गं थोडं. चुकलं माझं.”

“गप्प बसा,” काकू म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. “त्यांनी एक थेंब चोरला नाही. मीच पाजत होते. रोज दोनदा, माझ्या हाताने.”