वजा दोनचा पाढा

डॉक्टरांनी मला आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद माझ्या नवऱ्याला झाला. "चलो, हफ्ता भर शांति," तो म्हणाला. हिंदीतच म्हणाला. माझ्या सासरी मराठी सगळ्यांना कळते, बोलतात मात्र एकटे सासरे, आणि तेही "सब्जीत नमक कमी आहे" असं अधूनमधून हिंदी मिसळून. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं घर. मी नाशिकची. लग्न करून इथे आले तेव्हा त्यांच्या मराठीला हसायचे. आता माझी बहीण फोनवर माझ्या मराठीला हसते.

घसा बसला तो शिकवून शिकवून. सकाळी मी सिविल लाइंसमधल्या एका कॉलेजात गणित शिकवते. संध्याकाळी ओरछा गेटजवळच्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, नवशिक्यांचा एक छोटा वर्ग घेते. शाळेत गणिताला घाबरून ते सोडून दिलेलं आणि आता कुठल्यातरी परीक्षेसाठी पुन्हा हातात धरावं लागलेलं, अशी ही मुलंमुली. अपूर्णांक, शेकडेवारी, मग हळूहळू बीजगणित. एप्रिलचा महिना, कूलरचा घरघराट, आणि त्यावर चढवलेला माझा आवाज. एक दिवस तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

"वर्ग बंद ठेवते," असं मी पाटीवर लिहून सासऱ्यांना दाखवलं. पाटी भाचीची होती, कोपऱ्यातून फुटलेली.

"बंद का म्हणून?" ते म्हणाले. "मी घेतो ना."

सासरे सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पाढे त्यांना त्यांच्या वडिलांनी घरी बसवून मराठीत पाठ करून घेतले होते. नुसते साधे नाहीत, दिडकी, अडीचकी, अगदी औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. माझ्या वर्गातली मुलं सात आठे किती हे पाहायला फोन काढतात, हे पडद्याआडून ऐकून ते बरेच दिवस आतल्या आत धुमसत होते. मी पाटीवर "फक्त अंकगणित. बीजगणित नाही" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यांनी "हो, हो" केलं आणि इस्त्रीचा सदरा काढायला गेले.

पहिल्या संध्याकाळी मी मधल्या खोलीत, पडद्यामागे खुर्ची टाकून बसले. सीपरी बाज़ारातून स्कूटरवर येणारी एक मुलगी होती, वर्गातली सगळ्यात चौकस. तिनेच विचारलं, "दादाजी, आज मैम नहीं पढ़ाएँगी?"

"मैम का गला छुट्टी पर है," सासरे म्हणाले. "आज से पहाड़े. बोलो मेरे साथ, बे एके बे."

मी कपाळावर हात मारला. अख्खा वर्ग हिंदी बोलणारा, आणि हे मराठी पाढे घेऊन बसलेले. पण पाढ्यांना ठेका असतो. थोड्याच वेळात पुढच्या खोलीतून "बे त्रिक सहा, बे चोक आठ" असा बुंदेली वळणाचा गजर सुरू झाला आणि समोरच्या घरातल्या काकू गच्चीत येऊन कसला कार्यक्रम आहे ते बघून गेल्या. बेरजेची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "आठ और पाँच तेरह, तीन लिखो, हातचा एक." हातचा म्हणजे काय, कोणालाच कळेना. "अरे भाई, हासिल! जो हाथ में रख लिया," त्यांनी मूठ मिटून दाखवली. एका मुलाने लगेच पेनाने तळहातावर एक काढून घेतला. मी पडद्यामागे तोंडावर ओढणी धरून हसत होते, कारण आवाज काढून हसायलाही बंदी होती.

तीन-चार दिवस असे मजेत गेले. मुलांचे फोन खिशात राहायला लागले. मला बरंही वाटत होतं आणि थोडा जळफळाटही होत होता, कारण इतक्या उत्साहाने माझ्याबरोबर कोणी काही म्हटलं नव्हतं.

मग त्या चौकस मुलीने घोळ केला. तिच्या कॉलेजात चाचणी होती. तिने विचारलं, "दादाजी, माइनस को माइनस से गुणा करो तो प्लस क्यों आता है?"

सासऱ्यांनी दोन रेघांची आठवण ठेवून गप्प बसायला हवं होतं. ते म्हणाले, "कौन कहता है प्लस आता है?"

"मैम कहती हैं."

"मैम की बात जाने दो. मेरी समझ में तो नहीं आता. बताओ, ठंडी चाय में ठंडी चाय मिलाओ तो गरम हो जाती है क्या?"

वर्ग खदखदून हसला. मी पडद्यामागे ताडकन उभी राहिले. गुणाकाराबद्दल विचारलं तर हे चहा एकमेकांत मिसळत होते, म्हणजे बेरीज करत होते! हे ओरडून सांगायचं होतं आणि घशातून एक फुस्स निघाली. हाताशी स्टीलची वाटी होती, ती मी दरवाज्यावर दोनदा आपटली. "हाँ हाँ, सुन रहे हैं," सासरे पडद्याकडे न बघता म्हणाले, आणि बाकीचं उद्यावर ढकलून त्यांनी वर्ग सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेताना मी पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले. लिहिलं, "बाबा, तो नियम आहे. तसाच सांगून टाका."

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. "अगं, माझा जन्म गेला नियम लावण्यात. प्रत्येक नियमाच्या खाली कोणाची ना कोणाची सही असते. याच्या खाली कोणाची आहे?"

मी संख्यारेषा काढली. डावीकडे तोंड करून उभं राहायचं, मग उलटं चालायचं, वगैरे. बाण काढले. फुटक्या कोपऱ्यामुळे एक बाण पाटीबाहेर गेला. सासरे बघत राहिले आणि म्हणाले, "हा माणूस उलटा का चालतोय? पडेल ना." माझा नवरा तेवढ्यात टिफिन घ्यायला आला. पाटीत डोकावून म्हणाला, "किसका नक्शा है?" आणि निघून गेला.

बोलता आलं असतं तर मी तेच तेच दहा वेळा, दर वेळी जरा मोठ्याने सांगितलं असतं. आमच्या पेशात समजावणं म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं. पण खडूने लिहायचं म्हणजे हात दुखतो, आणि हात दुखला की माणूस थोडा विचार करतो. समोर बसलेल्या माणसाला काय पक्कं ठाऊक आहे? पाढे. मी पाटी पुसली आणि लिहिलं, "वजा दोनचा पाढा म्हणा. पाचापासून उलटा."

"वजाचा पाढा?" त्यांच्या डोळ्यांत चमक आली. असा पाढा त्यांना त्यांच्या वडिलांनीही दिला नव्हता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, मांडी नीट घातली. "पाच वेळा वजा दोन, वजा दहा. चार वेळा, वजा आठ. तीन वेळा, वजा सहा. दोन वेळा, वजा चार. एक वेळा, वजा दोन. शून्य वेळा, शून्य."

मी बोटाने उत्तरं दाखवली. प्रत्येक पायरीला काय होतंय?

"दोन वाढतायत," ते म्हणाले. "वजा दहाचे वजा आठ झाले म्हणजे दोन वाढलेच."

मी लिहिलं, "थांबू नका. शून्याच्या खाली वजा एक. पुढे म्हणा."

"वजा एक वेळा वजा दोन..." आणि ठेक्यात जीभ आपणहून पुढे गेली, "दोन." ते थांबले. "वजा दोन वेळा, चार. वजा तीन वेळा, सहा." मग त्यांनी बोटांवर सगळा पाढा पुन्हा उतरवून पाहिला. कपातल्या चहावर साय धरली.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "वजा आलं असतं तर पाढा मध्येच मोडला असता की!"

मी मान डोलावली. मला इतका आनंद झाला होता की आवाज असता तरी मी गप्पच बसले असते.

त्या संध्याकाळी त्यांनी तो पाढा वर्गात घेतला. शून्यापर्यंत मुलांना खाली आणलं आणि तिथे अगदी लबाडपणे थांबले. "अब?" मुलं बोटांवर मोजायला लागली. मग ती चौकस मुलगी जवळजवळ ओरडली, "दो! प्लस दो!" सगळे एकदम बोलायला लागले. पडद्यामागे मी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. आणि त्यावर सासऱ्यांचे शब्द ऐकू आले, "देखो, हमारी बहू कहती है नियम है. हम बताते हैं क्यों है."

मी वाटी पुन्हा आपटली. या वेळी चारदा.

आवाज परत आला तेव्हा मी ताठ मानेने वर्गात गेले. मुलांनी आदराने "नमस्ते मैम" केलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. "दादाजी नहीं आएँगे?" म्हणून आम्ही वाटणी केली. अर्धा तास त्यांचं अंकगणित, मग तासभर माझं बीजगणित. चौकस मुलगी चाचणीत पास झाली, पेढे घेऊन आली आणि डबा आधी त्यांच्यासमोर उघडला. मी काही मनावर घेतलं नाही. मला दोन मिळाले, त्यांना एकच, कारण त्यांना साखर वर्ज्य आहे आणि हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

पण अंकगणित संपलं तरी सासरे आता उठत नाहीत. शेवटच्या खुर्चीवर बसतात. परवा मी समीकरणं सुरू केली. एक्स अधिक तीन बरोबर आठ. तीन पलीकडे नेला, वजा केला, उत्तर पाच. मागून एक हात वर गेला.

"तीन उस पार गया तो माइनस कैसे हो गया?"

"बाबा, घरी सांगते," मी मराठीत, दबक्या आवाजात म्हटलं.

"नहीं मैम," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अभी."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. मग मी फळ्यावर दोन पारड्यांचा तराजू काढला, दोन्ही बाजूंतून तीन-तीन उचलले, तीन कुठेही गेला नाही हे दाखवलं, आणि ते "हाँ" म्हणेपर्यंत दाखवत राहिले. तासाभरात तेवढं एकच गणित झालं.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "बाबा, क्लास कैसी रही?"

"मैम पढ़ाती अच्छा हैं," सासरे पोळी मोडत म्हणाले, "लेकिन बहुत धीरे."