कृष्णेत भिजत घातलेलं चाक

माझी नात परवा कुठल्याशा जुन्या शहरातला कलामहोत्सव बघून आली. किल्ल्याच्या भिंतीवर दिव्यांची चित्रं, हवेलीच्या चौकात लोखंडाचे पक्षी, आणि तिकीट म्हणे फोनवर. फोटो दाखवून झाल्यावर मला म्हणते, "आजी, तुमच्या काळी असलं काही नसेल ना?" हे ऐकून गप्प बसेन तर मी पनवेलची कसली! म्हणून हा लेख. टाइप तिनेच करायचा, ही तिला शिक्षा.

गोष्ट महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. माझं सासर सुतारांचं, आणि पनवेलचा सुतार म्हटला की बैलगाडीचं चाक. घाटावरच्या गाड्या खाली उतरायच्या त्या जाताना आमच्याकडून चाकं घालून जायच्या. माझे सासरे, मामंजी, या कामात मुरलेले. पण तोवर मालमोटारींचा जोर वाढला होता आणि गाड्या कमी झाल्या होत्या. थोरला मुलगा, म्हणजे आमचे हे, घराला लागूनच्या आमच्या चाकांच्या कारखान्यात होते. धाकटा दिनू मात्र मुंबईला शिल्पकला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. मामंजी भांडले नाहीत, पण तो सणाला आला की ताटावर बसल्या बसल्या एकच प्रश्न, "झालं का शिकून? परत कवा येतोस?"

त्या शिमग्याला दिनूभावजी वैतागले. म्हणाले, "बाबा, वैशाखात वाईला नव्या चित्रकारांचा, शिल्पकारांचा मेळा आहे. कृष्णेच्या घाटावर. माझंही काम आहे तिथं. एकदा येऊन बघा. बघूनसुद्धा परत ये म्हणालात, तर मी हत्यारं गुंडाळून येतो. पुन्हा विषय काढायचा नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

"येतो," मामंजी म्हणाले. नवी नवरी होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलला तो हा दीर. त्याचं काम सुटू नये असं मला मनापासून वाटत होतं. यांना कारखाना सोडता येईना, माझी मावशी वाईलाच दिलेली, तेव्हा मामंजींबरोबर मी निघाले.

आता तुम्ही एक्स्प्रेसवेवरून डुलकी काढेपर्यंत पुण्याला पोचता. तेव्हा आमची एसटी पनवेल सुटलं की खोपोलीपर्यंत धूळ खात जायची आणि मग बोरघाटात इंजिनाला पाणी पाजायला थांबायची. ड्रायव्हर भला माणूस, बायकांना सावलीतला दगड दाखवून मगच बॉनेट उघडायचा. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. डबा उघडला आणि मागच्या बाकावरच्या पुणेकर बाईंनी पदर नाकाला लावला. मामंजींनी निवांत दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि खिडकीतून खाली बघत म्हणाले, "या वळनावर आपली चाकं किती चढली असतील, सूनबाय!" घाटात त्या दिवशी आम्हाला एकच बैलगाडी दिसली. ती उतरत होती आणि मामंजी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

पुण्याला गाडी बदलली. कात्रजचा बोगदा, मग शिरवळ, मग खंबाटकी. प्रत्येक घाटात मला मळमळलं आणि प्रत्येक वेळी मामंजींनी खिशातून आवळ्याची सुपारी काढून दिली. जाणार असाल तर ती जवळ ठेवा, गोळ्यांपेक्षा बरी. सुरूर फाट्याला वळलो आणि वाई आली. मावशीने गरम पाण्याचं घंगाळ तयार ठेवलं होतं. अंग धुऊन ज्वारीची भाकरी आणि झुणका खाल्ला तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. मावशीच्या त्या घासाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी घाटावर गेलो. वाईचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना काय सांगायचं? काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मोठ्या गणपतीचं देऊळ आणि खाली उन्हाळ्यात आक्रसलेली कृष्णा. त्या सगळ्यावर नवी चित्रं! देवळाच्या ओवरीत, खांबाखांबाला दोऱ्यांनी बांधलेली. कुठे नुसत्या रेघा, कुठे तीन डोळ्यांची बाई. एका भल्यामोठ्या निळ्या चित्रापुढे दोन शेतकरी उभे होते.

"काय हाय रं ह्ये?"

"निळं हाय."

"त्ये दिसतंय की."

"मग इचारतुयास कशाला?"

मामंजींनी त्या निळ्या चित्राची चौकट कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, "सांधा बरा हाय." पलीकडे मुंबईच्या एका शिल्पकाराने उभा केलेला गोल गुळगुळीत दगड होता. त्याला नाक ना डोळे, पण कोणा बाईने त्याला हळदकुंकू वाहून वर जास्वंद ठेवलं होतं. तो शिल्पकार रागावेल असं मला वाटलं, तर तो लोकांना हात धरून आणून ते फूल दाखवत होता.

दिनूभावजींचं काम अगदी खालच्या पायऱ्यांवर होतं. लाकडी घोडीवर आडव्या कण्यात घातलेलं बैलगाडीचं चाक. भलं थोरलं, पण वरची लोखंडी पट्टी, धाव, नसलेलं. शेजारी पाटी: 'हात लावावा.' लोक चाकाला हात लावून फिरवत होते आणि ते खडखडत होतं. मधल्या तुंब्यात आरे सैल, बाहेरच्या पुठ्ठ्यात आरे सैल, त्यामुळे प्रत्येक आऱ्याचा आवाज वेगळा. भावजी बाजूला उभे राहून मामंजींचं तोंड बघत होते.

मामंजींनी एकदा चाक फिरवलं. मान खाली घातली. पुन्हा फिरवलं. "तूच केलंस?" त्यांनी विचारलं.

"मीच. तुंब्यापासून सगळं."

मामंजी पायऱ्या चढायला लागले. मावशीकडे रात्री त्यांची अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली आणि मी समजले, आता भावजींची हत्यारं पनवेलला येणार.

सकाळी आम्ही चहा घेत होतो तोच भावजी धावत आले. चेहरा पांढराफटक. "वहिनी, चाक गेलं! घोडी रिकामी आहे!" मामंजी पहाटे नदीवर आंघोळीला गेलेले, अजून परतले नव्हते. मावशी म्हणाली, "चाक कोण न्हेतंय? जळणाला न्हेलं असंल एकाद्यानं." या वाक्याने भावजींना काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

घाटावर पोचलो तर गर्दी. चित्रकार मंडळी इकडून तिकडे पळत होती. आणि खाली, गुडघाभर पाण्यात, धोतर खोचून माझे मामंजी उभे. सोबत वाळू भरायला आलेला एक गाडीवान. दोघांच्या मधे कृष्णेच्या पात्रात दिनूभावजींचं चाक आडवं पडलेलं, वर दोन धोंडे, हलू नये म्हणून!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे सैल होतात, चाक खडखडायला लागतं. मग गाडीवान चाक काढून नदीत भिजत घालतो. लाकूड फुगतं, सांधे आवळून बसतात. आमच्या घरातलं पोर हे चालण्याआधी शिकतं.

"बाबा!" भावजी तसेच पाण्यात शिरले. "काय केलंत हे?"

"सैल झालं होतं," मामंजी शांतपणे म्हणाले. "चार लोकांत आपल्या घरचं चाक खडखडतंय. मला झोप नाय लागली. या भल्या मानसानं हात दिला. सांजपर्यंत बसंल घट्ट."

"कामाला हात कसा लावलात, मला न विचारता?"

"तिथं पाटी हाय, हात लावावा म्हून."

वर पायऱ्यांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. भावजी हसले नाहीत. धोंडे बाजूला करत म्हणाले, "मी ते सैल ठेवलं होतं, बाबा. मुद्दाम. चार महिने गच्चीवर उन्हात टाकून सैल केलं होतं."

"मुद्दाम?" मामंजींना हे कळेचना. "सैल चाक कोन करतो मुद्दाम?"

"मला तो आवाज पाहिजे होता. लहान होतो तेव्हा वैशाखात घाटावरच्या गाड्या आपल्याकडे यायच्या. गाडी दिसायच्या आधी वळणापलीकडून खडखड ऐकू यायची आणि तुम्ही हातातलं टाकून उठायचात. 'आली' म्हणायचात. आता कोण येतंय? मी तोच आवाज केला होता."

मामंजी पाण्यातून बाहेर आले आणि पायरीवर बसले. मी जवळ जाऊन पंचा दिला, तो त्यांनी तोंडावरून फिरवला आणि बराच वेळ तोंडावरच धरून ठेवला. माझेही डोळे भरले. तो गाडीवान बिचारा सारखा विचारत होता, "माझं काय चुकलं का, ताई?"

मग मामंजी उठले. "काढा भाईर," म्हणाले. "वाळवूया."

चाक त्यांनी उन्हात टाकू दिलं नाही. "एका अंगानं वाळलं तर तडकंल." ओवरीच्या कडेला, अर्ध्या सावलीत, घोडीवर चढवलं आणि स्वतः शेजारी बसले. थोड्या थोड्या वेळाने चाक जरासं फिरवायचं, परत बसायचं. जेवायला यायला तयार नाहीत, मी भाकरी तिथंच नेली. भावजी आधी दूर बसले होते, दुपारी जवळ येऊन बसले. गाडीवान वाळूची खेप टाकून परत आला आणि तोही टेकला. मेळ्याला आलेले लोक विचारायचे, हे काय चाललंय? भावजी काही बोलायच्या आत मामंजी सांगायचे, "वाळतंय." लोक मान डोलवून पुढे जायचे. काहींना वाटलं, तीन माणसं आणि एक चाक, हेच काम आहे. एका शहाण्याने तर मामंजींनाच विचारलं, यातून तुम्हाला काय सुचवायचंय? मामंजी म्हणाले, "सावली सरकली, तुमी जरा बाजूला व्हा."

मी तेवढ्यात मावशीबरोबर बाजारात जाऊन हळद घेतली. वाईला गेलात तर हळद घ्याच, आणि अख्खी घ्या, घरी कुटा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन होतं. मामंजी चाकाला कान लावून बसले होते. फिरवलं, काही नाही. पुन्हा फिरवलं आणि एक आरा खट् वाजला. भावजी ताडकन उठले. दिवस कलेपर्यंत दुसरा वाजला, मग तिसरा, आणि दिवेलागणीला सगळं चाक पहिल्यासारखं बोलायला लागलं. घाटावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. डोळे मिटून ते चाक फिरवत राहिले. लोक मागे ताटकळले तरी बाजूला होईनात, तेव्हा भावजींनीच त्यांचा दंड धरून त्यांना हलवलं.

निघायच्या सकाळी भावजी एसटी स्टँडवर आले. आमची पिशवी टपावर चढवली आणि धीर करून विचारलं, "बाबा, मग काय ठरलं?"

मामंजी म्हणाले, "गाडी सुटंल."

एवढंच! खंबाटकी गेली, कात्रज गेला, माझी मळमळसुद्धा रागाने पळून गेली. लोणावळ्याला त्यांनी मला चिक्की घेऊन दिली. मी ती दातांनी अशी फोडली की समोरचा प्रवासी दचकला. विचारायची सोय नव्हती. सासऱ्यांना सुनेने जाब विचारायचा तो काळ नव्हे.

घरी आलो. हळद डब्यात भरली, यांना घाटाचं, देवळाचं, निळ्या चित्राचं वर्णन करून सांगितलं. त्या प्रवासाचं आज काय उरलंय असं नातीने विचारलं, तर मला पुष्कळ आठवतं: मावशीचं गरम पाणी, ड्रायव्हरने दाखवलेला सावलीतला दगड, न मागता नदीत उतरलेला तो गाडीवान. पदरमोड करून गेलो आणि पदर भरून आलो. पण खरं सांगू? मी त्या ओवरीवरचे दोघे मनात घेऊन आले. बापलेक इतका वेळ शेजारी बसलेले मी तोवर बघितले नव्हते, आणि ते बघायला मिळालं म्हणून मी देवाचे अजून आभार मानते.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सुतारकाका कारखान्याच्या दारात आले. मी आत तांदूळ निवडत होते. काकांनी तंबाखू मळत विचारलं, "पाह्यलंस पोराचं? मग, दिनू परत कामावर कवा येतो?"

आत माझा हात सुपातच थांबला.

मामंजींची किंकरी, म्हणजे भोकं पाडायची छिन्नी, चालू होती, ती थांबली नाही. म्हणाले, "तो कामावरच हाय."

मी सूप तसंच टाकून भावजींना कार्ड लिहायला उठले.